दुरुस्तीला धाडलेली गाडी

"हात पुढं कर," अण्णा म्हणाले.

मी भाकरी थापत होते. पिठाचा हात परातीतून वर केला, तर त्यांनी त्यावर गाडीची चावी ठेवली.

"गाडी तुझ्या बापानं दिली. बिघडली, तर त्यानंच निस्तरायची. धनराज तुला बार्शीला सोडून येईल. गाडी नीट झाली की तिच्याबरोबर तूही ये."

"आणि नाही झाली तर?"

माझे सासरे कधी आवाज चढवत नसत. तेव्हाही हसले. "मग घाई कसली? माहेर आहे तुझं. राहा की."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या, पण ती उलटायला त्यांचा हात काही पुढं आला नाही. मी चावी ओट्यावर ठेवली, भाकरी उलटली, राहिलेल्या भाकऱ्या केल्या, सगळ्यांना वाढलं आणि मग पिशवी भरली. इतकी मी तेव्हा शहाणी होते. आज ती शहाणी बाई मला रस्त्यात भेटली, तर पहिल्यांदा तिच्याच मुस्काटात देईन.

गाडी पांढरी होती, डिझेलवरची. आमच्या लग्नात माझ्या वडिलांनी, आप्पांनी दिलेली. दिलेली म्हणजे काय, तर "आमचं काही मागणं नाही, मुलीच्या हौसेनं काय द्याल ते द्या" असं अण्णांनी बैठकीत म्हटलं आणि पुढच्याच वाक्याला गाडीचा रंग सांगितला.

लातूरच्या आमच्या गल्लीत त्या गाडीचं देवघर झालं होतं. रोज सकाळी आंघोळ झाली की अण्णा तिला उदबत्ती ओवाळायचे. मग आत बसून गाडी चालू करायचे आणि फाटक सताड उघडून बाहेर कट्ट्यावर येऊन पेपर वाचायचे. गाडी जागेवरच घुरघुरत राहायची. शेजारच्या जोशीकाकूंपासून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जायचं, की देशमान्यांची गाडी चालू झाली. पेपराचं पहिलं पान संपलं की बंद. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सीटवरचं प्लास्टिक तीन वर्षांत निघालं नव्हतं. उन्हाळ्यात कुणाच्या लग्नाला निघालो की मांड्या त्याला चिकटायच्या आणि उतरताना टर्र आवाज यायचा.

चालवायची ती फक्त धनराजनं. माझा नवरा गाडी चालवायचा म्हणजे अॅव्हरेज काढायचा. सायकलवाला पुढं गेला तरी ह्याचा चौथा गिअर. इंजिन कण्हायला लागायचं, पण हा गिअर खाली आणायचा नाही. "डिझेल पिते ती," म्हणायचा, जशी काही ती दारू पीत होती. मला गाडी येत होती. आप्पांच्या भांड्याच्या दुकानाचा टेम्पो मी कॉलेजात असल्यापासून चालवत होते. पण लातुरात मी स्टिअरिंगला हात लावलेला अण्णांना चालत नव्हता. "सूनबाई गाडी चालवायला लागली तर लोक म्हणतील, ड्रायव्हर ठेवायची ऐपत नाही."

आणि आता ती गाडी ओढत नव्हती. अॅक्सिलेटर दाबला की आधी नुसता विचार करायची, मग मागून काळा धूर सोडायची आणि जागची हलल्यासारखं करायची. बंद करताना तर असा हिसका द्यायची, की डॅशबोर्डावरचा गणपती वाकायचा.

मुरूडच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला ओव्हरटेक केलं. ट्रॉलीवर बसलेल्या बाईनं पदर तोंडाशी धरून हसू दाबलं.

"बघ," धनराज म्हणाला. "बघ तुझ्या बापाची गाडी."

"तीन वर्षं तुमच्याकडं आहे. आता तरी तुमची झाली असेल."

"तोंड चालवू नकोस."

"दुसरं काय चालवू? गाडी तर देत नाही तुम्ही."

त्यानंतर बार्शी येईपर्यंत त्यानं गिअर चौथ्यावरून हलवला नाही.

आप्पांचं दुकान भर बाजारात. दोन गाळ्यांचं. एकात पितळ-तांबं, दुसऱ्यात स्टील. धनराजनं गाडी नेमकी दोन्ही गाळ्यांच्या मधोमध आणून बंद केली. हिसका बसला, धूर पसरला आणि समोरचा रसवाला, शेजारचा चप्पलवाला, सगळे बघायला लागले. आप्पा गिऱ्हाईक सोडून धावत बाहेर आले. डोक्यावरची टोपी सारखी करत म्हणाले, "या पाव्हणं, या या. अगं प्रणू, कळवायचं तरी."

धनराज आत आला नाही. चहा नको म्हणाला. पाणीही नको म्हणाला. भर रस्त्यात उभं राहून, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं बोलला.

"मामा, अण्णांचा निरोप आहे. ही गाडी मुळातच नासकी निघाली. दुरुस्तीच्या भानगडीत पडू नका. दुसरी बघा. आता बघताच आहात तर सात सीटची बघा, म्हणजे घरच्या सगळ्यांना होईल."

"हां हां," आप्पा म्हणाले. "बघू की. बघतो मी."

"हिला तोवर राहू द्या इथं."

आणि तो एसटी स्टँडच्या दिशेनं चालायला लागला. जाताना गाडीच्या बॉनेटवर एकदा हात फिरवला. माझ्याकडं मात्र बघितलंही नाही.

आप्पा वळले आणि अर्धवट सोडलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "हां, कळशी दाखवत होतो न्हवं?"

संध्याकाळी आईनं मला सांगितलं, कारण आप्पा मला सांगणार नव्हते. स्टीलचा गाळा विकायचा. सुराणा शेठ किती दिवस मागतच होते, त्यांना मधली भिंत काढून साडीचं दुकान वाढवायचं होतं. आप्पांनी दुपारीच त्यांना 'या बघायला' म्हणून सांगून टाकलं होतं.

"आप्पा, गाडी एकदा दाखवू तरी कुणाला," मी म्हणाले.

"त्यांनी दुसरी सांगितलीया."

"त्यांनी सांगितलं म्हणून तुम्ही दुकान विकणार? गाडी नीट झाली तर नवी कशाला लागतेय?"

आप्पा भिंतीकडं तोंड करून पडले होते. "बघ जा काय बघायचं ते," एवढंच म्हणाले.

म्हणजे आता त्या गाळ्याचं सगळं त्या गाडीवर होतं. मी सकाळीच ती हणमंतकाकांकडं नेली.

हणमंत मिस्त्रीचं गॅरेज परांडा रोडला. पत्र्याची शेड, पुढं कडुनिंब, आणि हणमंतकाकांचं तोंड. ते तोंड म्हणजे वेगळंच यंत्र. दुनियेतली कुठलीही गाडी ते आवाजावरून ओळखत. निदान ते तरी असं सांगत.

"फिल्टर," गाडी अजून शेडमध्ये शिरतही नव्हती तेव्हा ते ओरडले. "डिझेल फिल्टर चोक! आवाजच सांगतुय. उतर ताई, चहा पी, चहा संपायच्या आत गाडी देतो."

चहा संपला, दुसरा झाला, फिल्टर बदलला. गाडीनं आधीइतकाच धूर सोडला.

"मग टर्बो," काका जरा कमी आवाजात म्हणाले. त्यांनी टर्बोचा पाईप काढला, पंखा बोटानं फिरवून बघितला. पंखा छान फिरत होता. ते खाली बसले आणि कान खाजवायला लागले.

"का वो काका, आवाजानं सांगितलं न्हाई व्हय आज?"

"गप ए. लातूरला राहून लई बोलाया शिकलीस." मग म्हणाले, "बरं मला सांग. गाडी पळती किती? रोज कुठं कुठं जाती?"

"कुठंच नाही."

"म्हंजे?"

मी सगळं सांगितलं. उदबत्ती, फाटक, पेपराचं पहिलं पान. चौथ्या गिअरचं सांगितलं. काकांचं तोंड उघडंच राहिलं.

"रोज चालू करायची, गरम बी हुऊ द्यायची न्हाई आन् बंद? तीन वर्षं?"

"तीन वर्षं."

"आरं, ती गाडी हाय का तुळशीवृंदावन?" ते उठलेच. "डिझेलचं इंजिन पळवावं लागतंय गं माझे बाई! गरम झालं, जोरात श्वास घेतला, तर आतली काजळी जळून जाती. हितं ती जळलीच न्हाई. रोज थोडा धूर माघारी आत, रोज थोडी काजळी. डिझेल मिळतंय तिला, हवाच मिळंना. टॉर्च धर."

हवा आत जाते तो जाड रबरी पाईप त्यांनी काढला. मी टॉर्च मारला. आत तोंडाशी एक गोल पत्र्याची झडप असते, इनटेकचा व्हॉल्व्ह. ती उघडमीट होत इंजिनाला हवा सोडते. ती दिसतच नव्हती. डांबर ओतल्यासारखं सगळं काळं, चिकट. काकांनी बोटानं झडप हळूच दाबली. दाबली की ती सुटून टपकन माघारी यायला हवी. ती निम्म्यात गेली आणि तिथंच चिकटून राहिली.

"घावला," काका म्हणाले. "वॉल जाम. गाडीला काय बी झालेलं न्हाई ताई. इंजिन कोरं करकरीत हाय. वॉल काढायचा, धुवायचा, लावायचा. एवढ्यासाठी कोण नवी गाडी घेतंय?"

मी एकदम हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. दुकान वाचलं, असं मनात म्हटलंसुद्धा.

काका पाना घेऊन वाकले, आणि थांबले. पाना बोल्टला लावला, काढला, बोट फिरवलं. मग माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि स्वतःच मारून बघितला. तोंड बंद.

"काय झालं?"

"काय न्हाई. तू जा, कडुनिंबाखाली बस. मी करतो."

"काका, काय झालं?"

"काय न्हाई म्हनलं न्हवं?"

हणमंतकाका गप्प बसतात म्हणजे काहीतरी आहेच. मी हलले नाही. शेवटी ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, "लातुरात कुणी उघडला हुता का ह्यो?"

"नाही. तिथं कुणाला दाखवलीच नाही. अण्णा म्हणाले, बापाकडं ने."

"मग ह्ये बघ." त्यांनी टॉर्च धरला. "आजूबाजूचे बोल्ट बघ. धूळ, गंज. आन् ह्ये चार. कोपरे चमकत्यात. पाना लागलाय ह्यास्नी, अलीकडंच." त्यांनी चारी बोल्ट काढले, व्हॉल्व्ह उचलला आणि खालचं गास्केट नखानं सुटं केलं. "कंपनीचं गास्केट हितं काळंठिक्कर पडलेलं पायजे. ह्ये कोरं हाय. आन् आतमंदी बघ."

आत काजळीच्या थरावर एक सरळ रेघ होती. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक फिरवून कुणीतरी बघितलं होतं, थर किती जाड आहे. रेघेतून खालचा पत्रा दिसत होता. बाकी काजळी जिथल्या तिथं.

"कुणीतरी उघडून बघितलंय," मी म्हणाले.

"व्हय."

"आणि साफ न करता बंद केलंय."

"मेकॅनिक असं करत न्हाई ताई. उघडलं तर पुसतोच. हात शिवशिवत्यात. त्याला कुणीतरी सांगितल्याशिवाय..." ते थांबले. "जाऊ दे. मी आता लख्ख करून देतो. गाडी घे, घरला जा. संसार हाय."

मला आठवलं. काही दिवसांपूर्वी सकाळी धनराज "टायरात हवा भरून आणतो" म्हणून गाडी घेऊन गेला होता. परत आला तेव्हा दुपारची जेवणं झाली होती. मी विचारलं होतं, एवढा वेळ? तर म्हणाला, गर्दी होती. जेवायला बसला तेव्हा त्याच्या शर्टाच्या बाहीला काळा डाग होता. तो डाग मी घासून काढला. दोनदा साबण लावून.

"काका, ब्रश द्या," मी म्हणाले.

"आगं, तुझी साडी..."

"ब्रश द्या म्हणते ना!"

त्यांनी जुना दात घासायचा ब्रश दिला. त्यांनी क्लीनरचा फवारा मारायचा आणि मी घासायचं. वायरीच्या बाजूला, जिथं त्याची छोटी मोटर असते, तिथं थेंब जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी बजावलं. "लोखंडानं खरवडू नगंस, झडपंला चरा पडंल. लाकडाची काडी घे." मी घासत होते. डांबरासारखी काजळी पाघळून रॉकेलच्या डब्यात पडत होती. आईस्क्रीमच्या काडीनं कडा खरवडल्या. पुन्हा फवारा, पुन्हा ब्रश. ब्रश मोडला, दुसरा घेतला. काका मधूनमधून माझ्याकडं चोरून बघत होते. रडत नव्हते मी. मी त्या रेघेवर ब्रश फिरवत होते आणि विचार करत होते, की अण्णा माझ्या हातावर चावी ठेवून हसले, तेव्हा त्यांना ही रेघ माहीत होती.

हळूहळू आतला पत्रा दिसायला लागला. काकांनी झडप बोटानं दाबली आणि सोडली. टप्. पुन्हा दाबली. टप्. नवं गास्केट टाकून त्यांनी व्हॉल्व्ह बसवला, पाईप जोडला आणि म्हणाले, "चालू कर."

गाडी एका हाकेत चालू झाली. आधी मागून काळा ढग निघाला, मग निवळत गेला. अॅक्सिलेटर दिला तर अशी गुरगुरली, की कडुनिंबाखालचं कुत्रं उठून पळालं.

"आता हिला घाटाला ने," काका म्हणाले. "तिसऱ्यात चढव. चांगली वरडू दे. राहिलं साहिलं जळून जाईल." मग गाडीच्या खिडकीवर हात ठेवून हळू म्हणाले, "ताई, आप्पास्नी सांगणार का गं?"

"बघते," मी म्हणाले.

नाही सांगितलं. मला ते आधी धनराजच्या तोंडून ऐकायचं होतं. आप्पांना फक्त म्हणाले, गाडी झाली, साधी काजळी होती. मला वाटलं आप्पा खूश होतील. त्यांनी मान हलवली आणि लातूरला फोन लावला. मी शेजारीच उभी होते. अण्णांचा आवाज त्या फोनमधून नेहमी स्पष्ट यायचा.

"आज झाली, उद्या पुन्हा बसेल. नासकं ते नासकंच. आपलं नवीचं बोलणं झालंय आप्पासाहेब. धनराज येतोय उद्या, त्याच्याशी ठरवून टाका."

"हां हां," आप्पा म्हणाले. "सुराणा शेठ बी उद्याच येणार हाईत मोजायला. ठरवून टाकू."

दुसऱ्या दिवशी धनराज आला तो चहा पिऊन, पोहे खाऊन वर आप्पांशी सात सीटच्या रंगाचं बोलायला लागला. मी चावी घेतली.

"आधी हिला बघा तरी. येडशीपर्यंत जाऊन येऊ."

"कशाला?"

"अहो, तुमच्या अण्णांनी गाडी पाठवलीय ना दुरुस्तीला? मग बघा."

आप्पांसमोर त्याला नाही म्हणता आलं नाही. तो चालकाच्या बाजूला गेला, तर तिथं मी बसले होते. रसवाला बघत होता, म्हणून तो मुकाट्यानं पलीकडून बसला.

पांगरी मागं पडली आणि घाट लागला. मी तिसरा गिअर टाकला आणि पाय दाबला. गाडी सुसाट वर निघाली. दोन ट्रक आणि एक एसटी मागं टाकली. इंजिन मोठ्यानं ओरडत होतं आणि त्याहून मोठ्यानं धनराज ओरडत होता.

"गिअर बदल! अगं चौथा टाक! अॅव्हरेजची वाट लागेल!"

"लागू दे."

"इंजिन फुटेल!"

"नाही फुटत. श्वास घेतंय ते. लातुरात कुणाकडं उघडला होता व्हॉल्व्ह?"

त्याचं ओरडणं बंद झालं.

"कसला व्हॉल्व्ह?"

"टायरात हवा भरायला गेला होतात, त्या दिवशी. चार बोल्ट काढून, नवं गास्केट टाकून, आतलं न पुसता बंद केलं. कुणाकडं?"

"मला काय माहीत? मी बाहेर उभा होतो."

बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. तो समोर बघायला लागला. वळणावर मी हॉर्न दिला, गिअर तिसऱ्यातच ठेवला.

"मेकॅनिक काय म्हणाला?"

"म्हणाला, काजळी आहे. साफ करून देतो, तासाभराचं काम आहे." तो खिडकीकडं तोंड करून बोलत होता. "मी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, राहू दे, आहे तशी बंद करायला सांग."

"आणि तुम्ही सांगितलंत."

"मग काय करू? अण्णांच्या पुढं बोलू?"

"मला त्या गाडीत घालून आणलंत. ट्रॅक्टर पुढं गेला तेव्हा म्हणालात, बघ तुझ्या बापाची गाडी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"प्रणिता, तू एकटीचं काय घेऊन बसलीस? सगळीकडं चालतं हे. माझ्या सुमनताईच्या वेळी नाही दिलं आम्ही? तिच्या सासऱ्यांनी बोअर मागितली, बोअर दिली. मोटर मागितली, मोटर दिली. अण्णांनी कुठून काढायचं ते?"

अजून आठवतं, त्यानं हे चिडून म्हटलं नाही. समजावून सांगितलं. जसं काही मी हिशेबात कच्ची होते. सुमनवन्संचं मी आमच्या लग्नात पाहिलेलं उतरलेलं तोंड डोळ्यांसमोर आलं. त्यांच्या सासरच्यांनी अण्णांचा गळा धरला, म्हणून अण्णांनी आप्पांचा धरला. आणि मला मुलगी झाली असती, तर हा धनराज उद्या कुणाचा धरणार होता?

घाट संपला. येडशीच्या फाट्यावर एसटी थांबते तिथं मी गाडी बाजूला घेतली. बंद केली नाही.

"उतरा," मी म्हणाले.

"काय?"

"लातूरची गाडी इथूनच मिळेल. उतरा."

"आणि गाडी?" तो म्हणाला.

खरंच सांगते, मी त्याला अजून एक क्षण दिला. वाटलं, त्याच्या पुढं आणखी एखादा शब्द येईल. नाही आला. तो गाडीकडंच बघत होता.

"उतरताय, का लोकांना बोलावू? इथं वडापच्या जीपांच्या रांगेत लोक रिकामेच बसलेत. त्यांनाही सांगते बोल्टचं."

तो उतरला. दार आपटलं नाही त्यानं, हळूच लावलं. रंग जाऊ नये म्हणून.

परतीचा घाट मी कसा उतरले ते आठवत नाही. दुकानासमोर आले तेव्हा सुराणा शेठ स्टीलच्या गाळ्यात टेप धरून उभे होते. टेपचं दुसरं टोक आप्पांच्या हातात होतं. आप्पा मागच्या भिंतीला टेकून, डबे आणि पातेल्यांच्या मधोमध, ते टोक भिंतीला दाबून उभे होते.

मी गाडी तशीच चालू सोडून आत गेले.

"जावईबापू कुठायत?" आप्पांनी विचारलं.

"येडशीला उतरवले."

"उतरवले म्हंजे?"

"म्हणजे उतरवले. आप्पा, गाडी नासकी नव्हती. लातुरात त्यांनी ती मेकॅनिककडून उघडून बघितली होती. तासाभराचं काम होतं. मुद्दाम तशीच बंद केली आणि मला तिच्यात घालून तुमच्या दारात आणली. सात सीटच्या गाडीसाठी. धनराजनं आत्ता स्वतःच्या तोंडानं सांगितलं."

सुराणा शेठनी टेप खाली केला नाही, पण मान खाली घातली. बाहेर चप्पलवाला आणि रसवाला दुकानाच्या पायरीपाशी आले होते. मी आवाज कमी केला नाही.

आप्पा म्हणाले, "मला म्हाईत हुतं."

"काय?"

"मेकॅनिकचं न्हवतं म्हाईत. पर तीन वर्षांची गाडी अशी आपसूक मरती व्हय? ती दारात आली तवाच कळलं. पोरीचा बाप हाय मी, खुळा न्हाई." ते माझ्याकडं बघत नव्हते. टेपच्या टोकावर त्यांचा अंगठा पांढरा पडला होता. "कळून काय करू? त्यास्नी खोटं म्हनू? मग तुला तितं कोण नांदवंल?"

मला वाटलं होतं, मी त्यांना काहीतरी सांगायला आलेय. त्यांना सगळं कळून ते हातात टेप धरून उभे होते.

"कळून दुकान विकताय? आणि ती नवी गाडी? तीसुद्धा ते फाटकात उभी करतील. सकाळी ओवाळतील, जागेवर घुरघुरवतील. तिच्यातही काजळी साठेल. ती बसली की मला पुन्हा घालतील तिच्यात. मग काय विकाल? दुसरा गाळा? त्यानंतर घर?"

"हळू बोल. लोक बघत्यात."

"बघू द्या! त्या दिवशी ते भर बाजारात तुम्हाला बोलून गेले, तेव्हा बघतच होते की लोक. आप्पा, तुम्हाला गाडी द्यायची तर द्या. दोन द्या. पण ती एकटी जाईल. मी तिच्यात बसणार नाही. ह्या नाही, त्या नाही, कुठल्याच गाडीत बसून मी त्या घरी जाणार नाही. मग आता बघा, गाळा कशासाठी विकताय ते."

बाहेर गाडी घुरघुरत होती. मी पुढं झाले, त्यांच्या अंगठ्याखालून टेपचं टोक काढून घेतलं आणि सोडून दिलं. टेप सर्रकन् पातेल्यांवरून खडखडत, एक पातेलं खाली पाडत गेला आणि सुराणा शेठच्या मुठीत शिरला. शेठनी हात झटकला.

"आप्पा," शेठ खाकरून म्हणाले, "मग कसं करायचं?"

आप्पांनी टोपी काढली. पुन्हा घातली. भिंतीवरून पाठ सोडवून दोन पावलं पुढं आले. मला वाटलं, हात उचलणार. मी सरकले नाही.

"शेठ," ते म्हणाले, "आज मोजू नका. उद्या बी नगं."

शेठनी टेप खिशात घातला आणि गर्दीतून वाट काढत गेले. आप्पांनी खाली पडलेलं एक पातेलं उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, उलटसुलट करून पोचा पडलाय का बघितलं आणि फळीवर ठेवलं. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "आन् तू ती गाडी बाजूला घे. दारात लावून ठेवलीस, तर गिऱ्हाईक कुठनं यील?"